आप्पांना कुणी विचारलं का?

पत्राचा सारांश : कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात माहेर असलेल्या, प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या ताईंचं हे पत्र आहे. वडील, म्हणजे आप्पा, ६४ वर्षांचे. घरची शेती, आणि गावच्या भजनी मंडळात मृदंग. चौदा वर्षांचा मधुमेह, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.४ टक्के, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.६. बिडी गेल्याच महिन्यात सुटली. चढावर छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं म्हणून उजव्या मनगटातून अँजिओग्राफी केली. तिन्ही नसांत मोठे ब्लॉकेज निघाले, हृदयाचं पंपिंग ४५ टक्के. दोन-तीन आठवड्यांत बायपास (बंद नसेच्या पुढे शरीरातली दुसरी नस जोडून रक्ताला नवी वाट देणं) करा, असं दोन्ही सर्जननी सांगितलं, पण पद्धत वेगवेगळी सांगितली. जवळच्या शहरातले सर्जन म्हणतात, मशीनवर घेऊन करू, छातीतली एक नस आणि पायातल्या दोन वापरू. तिथे सरकारी योजना लागू आहे. पुण्यातले सर्जन म्हणतात, मशीन न लावता, बीटिंग हार्ट करू, छातीतल्या दोन्ही नसा घेऊ, पायाला हात लावणार नाही. तिथे योजना नाही, त्यासाठी अर्धा एकर गहाण टाकावा लागेल. भाऊ म्हणतो, लेटेस्ट तेच करू. चुलते म्हणतात, मशीनवर घेतलं की माणूस विसराळू होतो, पंतप्रधानांचंही बिनमशीनचंच केलं होतं. ताई लिहितात, ‘स्वस्तातलं केलं आणि काही बरंवाईट झालं तर मी जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. कुठलं ऑपरेशन चांगलं ते एकदाच स्पष्ट सांगा.’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चार पानांत साखर आहे, क्रिएटिनिन आहे, दोन डॉक्टर आहेत, भाऊ आहे, चुलते आहेत, सातबारासुद्धा आहे. आप्पा काय म्हणतात ते मात्र कुठेच नाही. त्याकडे मी येणार आहे. पण आधी तुम्ही जे विचारलंय ते, कारण तुमची झोप त्यावर उडाली आहे.

मी सर्जन नाही, हे आधीच सांगते. चोवीस वर्षं मी परफ्युजनिस्ट होते, म्हणजे बायपासच्या वेळी हृदय आणि फुफ्फुसाचं काम करणारं मशीन चालवत होते. ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, आम्ही त्याला नुसतं ‘पंप’ म्हणायचो. बिनमशीनच्या ऑपरेशनलाही मी हजर असायचेच. टेबलापासून चार हातांवर पंप तयार ठेवायचा आणि लागला तर क्षणात जोडायचा, एवढं माझं काम. त्यामुळे दोन्ही प्रकार मी अगदी जवळून पाहिलेत. आप्पांच्या अँजिओची सीडी बघून निर्णय द्यायचा अधिकार सर्जनचाच. त्यांना नेमकं काय विचारायचं, हे मात्र मी तुम्हाला नक्की सांगू शकते.

आणि एक गोष्ट सगळ्यांच्या आधी. बसल्या जागी किंवा झोपेत दुखायला लागलं, घाम फुटला, तर पुणे की कोल्हापूर हा विचार सोडा आणि जवळच्या हृदयरोग विभागात आप्पांना तातडीने घेऊन जा. ही सगळी चर्चा तोपर्यंतच, जोपर्यंत दुखणं फक्त चढावर आहे.

भावाचा ‘लेटेस्ट’ हा शब्द आधी बाजूला काढू. मशीन न लावता केलेली बायपास ही नवी गोष्ट नाही. १९६४ मध्ये लेनिनग्राडला वासिली कोलेसोव या सर्जननी छातीतली धमनी हृदयाच्या धमनीला जोडली ती मशीनशिवायच. पायातली नस वापरून बायपास करण्याची पद्धत रेने फावालोरो यांनी क्लीव्हलँडला रुजवली ती १९६७ पासून, म्हणजे त्याच्या नंतर. पुढे पंप सुधारले, हृदय थांबवून निवांतपणे टाके घालता येऊ लागले आणि जगभर तीच रीत पडली. ऐंशीच्या दशकात अर्जेंटिना आणि ब्राझीलमधल्या सर्जननी बिनमशीनची पद्धत पुन्हा हातात घेतली, आणि त्यामागे खर्च वाचवणं हेही एक कारण होतं. आपल्याकडेही ती झपाट्याने पसरली. म्हणजे तुमच्या घरात जिला ‘महागातली नवी’ म्हणताहेत, ती मुळात जुनी, आणि काही ठिकाणी तर काटकसरीतून वाढलेली आहे. पंप लावला की ऑक्सिजनेटर आणि नळ्यांचा एक संच लागतो, तो एकदा वापरून टाकून द्यायचा असतो. बीटिंग हार्टमध्ये तो खर्च वाचतो, त्याच्या जागी हृदय स्थिर धरणारं उपकरण येतं. पुण्याचा आकडा मोठा आहे तो बहुतेक हॉस्पिटलमुळे आणि खोलीमुळे. पद्धतीमुळे असण्याची शक्यता कमी. अंदाजपत्रक लेखी मागा आणि प्रत्येक रक्कम कशाची आहे ते वाचा.

आता आत काय होतं ते सांगते, म्हणजे चुलत्यांची भीती कुठून आली ते कळेल.

पंपावर घेतात तेव्हा महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य नळीत, एक नळी घालतात. शरीरातलं रक्त मशीनमध्ये येतं, तिथे त्यात प्राणवायू मिसळतो आणि ते परत जातं. मग महाधमनीला चिमटा लावतात, हृदयाला पोटॅशियमचं द्रावण देतात आणि हृदय थांबतं. सर्जनसमोर न हलणारी, रक्त नसलेली जागा असते. दीड-दोन मिलिमीटरच्या नसेला केसाएवढ्या बारीक दोऱ्याने टाके घालायचे असतात, त्यामुळे हे थांबणं फार मोलाचं आहे.

बीटिंग हार्टमध्ये हृदय चालूच असतं. दोन बोटांसारखा एक चिमटा, त्याला खाली छोट्या वाट्या, त्या हवेच्या ओढीने हृदयाला चिकटतात आणि टाके घालायचा तेवढाच तुकडा जागच्या जागी धरून ठेवतात. बाकीचं हृदय आजूबाजूला उड्या मारतच असतं. समोरच्या नसेपर्यंत फारशी अडचण नसते. कसोटी लागते ती मागच्या भिंतीला. तिथे पोचायला हृदय उचलून उभं धरावं लागतं, आणि उचललं की रक्तदाब घसरतो. ते दृश्य मी कधी विसरणार नाही. मॉनिटरवरचा लाल आकडा ११० वरून ९०, ९० वरून ७०. भूलतज्ज्ञ टेबल डोक्याकडून खाली करायला सांगतात, औषध वाढवतात, सर्जन हात न हलवता विचारतात, ‘किती?’ आणि माझा हात पंपाच्या क्लॅम्पवर. ज्यांचा हात या कामात बसलेला असतो ते हृदय हळूच खाली ठेवतात, मिनिटभर थांबतात, पुन्हा उचलतात. एका रात्री, नाव घेत नाही अशा ठिकाणी, हे थांबणं झालं नाही. रुग्णाला घाईघाईने पंपावर घ्यावं लागलं. त्या गृहस्थांचं पुढे फार अवघड गेलं. आधीपासून ठरवून पंपावर घेणं वेगळं आणि घसरल्यावर धावत घेणं वेगळं, हे त्या रात्री मला पुरतं कळलं.

मोठे अभ्यास काय सांगतात तेही बघा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये २२०३ रुग्णांवर ‘रूबी’ नावाचा अभ्यास झाला, त्याचे पहिले निकाल २००९ मध्ये आले. वर्षाने तपासलं तेव्हा मशीनशिवाय केलेल्यांच्या जोडलेल्या नसा जास्त बंद पडलेल्या होत्या. पाच वर्षांनी मृत्यू मशीनशिवाय केलेल्यांत १५.२ टक्के, मशीनवर केलेल्यांत ११.९ टक्के. हे वाचून बीटिंग हार्टचं नाव टाकून देऊ नका. दुसरा अभ्यास ‘कोरोनरी’ नावाचा, १९ देशांत, ४७५२ रुग्णांचा, त्यात भारतातलेही होते. तिथे पाच वर्षांनी दोन्ही गट जवळपास बरोबरीत राहिले. मृत्यू, पक्षाघात, हार्ट अटॅक, किडनी निकामी होणं आणि पुन्हा प्रक्रिया करावी लागणं, हे सगळं एकत्र धरून २३.१ आणि २३.६ टक्के. जर्मनीत ७५ वर्षांवरच्या अडीच हजार रुग्णांवर अभ्यास झाला, तिथेही वर्षाअखेर ठळक फरक दिसला नाही.

मग रूबीमध्ये असं का व्हावं? माझ्या मते उत्तर एका अटीत आहे. रूबीमध्ये भाग घ्यायला सर्जनने मशीनशिवायची किमान २० ऑपरेशनं केलेली पुरेशी होती. कोरोनरीमध्ये ज्या पद्धतीने ऑपरेशन करायचं तिची शंभराहून जास्त ऑपरेशनं आणि दोन वर्षांहून जास्त अनुभव लागत होता. ओटीत चोवीस वर्षं जे पाहिलं तेच इथे आकड्यांत दिसतं, ताई. पद्धतीपेक्षा हात मोठा. पंपावर रोज चार बायपास करणाऱ्या सर्जनना ‘आमच्या आप्पांचं मात्र बीटिंग हार्टच करा’ असा आग्रह धरू नका. उलटही करू नका.

विसराळूपणाचं चुलते म्हणतात ते हवेतलं नाही. पंपानंतर काही जणांना काही दिवस, काही आठवडे भ्रमिष्टासारखं, गोंधळल्यासारखं होतं, हे मी पाहिलंय. पण ते मशीनशिवाय केलेल्यांतही होतं. नेदरलँड्समध्ये दोन्ही गटांची स्मरणशक्ती पाच वर्षांनी तपासली, फरक आढळला नाही. आप्पांचे अभंग मशीन पुसून टाकेल, ही भीती मनातून काढा.

मशीनशिवायच्या पद्धतीत खरा फायदा दिसतो तो सुरुवातीच्या दिवसांत. रक्त कमी चढवावं लागतं, रक्तस्रावासाठी पुन्हा आत न्यावं लागण्याचं प्रमाण कमी, श्वासाच्या तक्रारी कमी, आणि आप्पांचं क्रिएटिनिन १.६ आहे म्हणून महत्त्वाचं, किडनीला तात्पुरता बसणारा मार कमी. वर्षाने मात्र किडनीच्या कामात फरक उरत नाही. सर्जन अनुभवी असतील तर पारडं थोडं त्या बाजूला झुकवायला हे कारण पुरेसं आहे, पण फक्त थोडं.

पंतप्रधानांचं म्हणाल, तर २००९ च्या जानेवारीत दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. रमाकांत पांडा यांनी डॉ. मनमोहन सिंग यांची बीटिंग हार्ट बायपास केली, हे खरं. त्यानंतर ते पाच वर्षं पंतप्रधान राहिले आणि ९२ वर्षांचे होऊन गेले. पण ती त्यांची दुसरी बायपास होती, पहिली १९९० मध्ये झालेली. आप्पांची पहिली आहे, मधुमेह वेगळा, नसा वेगळ्या. तिथून हिंमत घ्या, पद्धत उचलू नका.

आता नसांकडे. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नातला अधिक महत्त्वाचा भाग हा आहे, आणि घरात त्याची चर्चा सगळ्यात कमी झालेली दिसते.

छातीच्या हाडामागे डावी-उजवी अशा दोन धमन्या असतात. डॉक्टर त्यांना लीमा आणि रीमा म्हणतात. डावी लीमा हृदयाच्या समोरच्या मुख्य नसेला जोडली तर दहा वर्षांनीही दहातल्या नऊहून अधिक जणांत ती वाहती राहते. पायातली नस ही मुळात शीर, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी नळी. तिला धमनीचा दाब सोसायची सवय नसते, तिच्या भिंती जाड होतात, आत थर साचतो. दहा वर्षांत साधारण निम्म्या बंद पडतात किंवा खूप अरुंद होतात. तुमच्या दोन्ही सर्जनच्या बेतात लीमा आहेच. म्हणजे सगळ्यात जास्त आयुष्य देणारा जोड दोन्हीकडे तोच आहे. ‘स्वस्तातलं’ म्हणून ज्याला तुम्ही घाबरताय, त्यातही तो आहे. हे वाक्य भावालाही वाचून दाखवा.

फरक आहे तो उरलेल्या दोन नसांसाठी काय वापरायचं यात. धमनी जास्त टिकते, तर सगळीकडे धमन्याच लावाव्यात, हे तर्काला धरून आहे. ब्रिटनच्या पुढाकाराने सात देशांत, भारतासह, ३१०२ रुग्णांवर याचा मोठा अभ्यास झाला. एका गटाला छातीतल्या दोन्ही धमन्या, दुसऱ्याला एकच. दहा वर्षांनी मृत्यू २०.३ आणि २१.२ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. ‘एक’ गटातल्या पाचातल्या एकाहून जास्त जणांना हातातली धमनीही लावली होती, आणि ‘दोन’ गटातल्या काहींना प्रत्यक्षात एकच मिळाली, त्यामुळे या निकालावर सर्जनांमध्ये अजून वाद आहे. पण एक आकडा वादाचा नाही. छातीच्या हाडाच्या जखमेच्या तक्रारी दोन्ही धमन्या घेतलेल्यांत ३.५ टक्के, एक घेतलेल्यांत १.९ टक्के. कारण साधं आहे. छातीच्या हाडाला रक्त पुरवतात त्या याच दोन धमन्या. दोन्ही काढल्या की हाड भरायला वेळ लागतो, आणि साखर ९.४ असेल तर त्यात जंतूंना फावतं.

म्हणून जवळच्या शहरातल्या सर्जनना मागासलेले समजू नका. वाढलेली साखर आणि नुकती सुटलेली बिडी असलेल्या माणसाच्या छातीतल्या दोन्ही धमन्या काढायला ते कचरत असतील, तर त्यात विचार आहे. छातीचं हाड उघडं पडलेला, व्हॅक्यूमच्या पट्टीवर महिना काढणारा रुग्ण ज्यांनी पाहिलाय, ते याबाबतीत सावध असतात.

आणि पुण्यातल्यांच्या बेतालाही जोर आहे, तो तुम्ही लिहिलेल्या कारणामुळे नाही, दुसऱ्याच कारणामुळे. पायातली नस वापरली की तिचं वरचं टोक बहुधा महाधमनीला जोडतात. त्यासाठी, पंप नसला तरी, महाधमनीला चिमटा लावण्याची वेळ येते. वयाने आणि मधुमेहाने तिच्या भिंतीत चुन्यासारखा थर बसलेला असेल, तर त्याचा कण सुटून मेंदूत जाऊ शकतो आणि पक्षाघात होऊ शकतो. मशीनही नाही आणि पायाची नसही नाही, सगळ्या धमन्या लीमालाच फांदीसारख्या जोडल्या, तर महाधमनीला हातच लागत नाही. बीटिंग हार्ट आणि सगळ्या धमन्या या दोन गोष्टी एकत्र आल्या की खरा लाभ इथे होतो. तेव्हा दोघांनाही विचारा, ‘आप्पांच्या महाधमनीत कॅल्शियम आहे का? बघायला सीटी करायचा का?’ असेल, तर माझं मत पुण्याच्या बेताकडे झुकेल. नसेल, तर दोन्ही बेत तोडीस तोड आहेत.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक वाट आहे, आणि तिचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. लीमा छातीतून, आणि दुसरी धमनी हातातून. मनगटाजवळ नाडी बघतात ती. छातीचं हाड सुरक्षित राहतं आणि धमनीचा टिकाऊपणाही मिळतो. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांतले १०३६ रुग्ण एकत्र करून हातातली धमनी आणि पायातली नस यांची तुलना केली गेली. सरासरी पाच वर्षांत धमनी बंद पडण्याचं प्रमाण पायाच्या नसेच्या निम्म्याहून कमी, हार्ट अटॅकही कमी, पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागण्याचं प्रमाणही कमी. अट एवढीच की जिथे जोडायची ती नस पुरेशी बंद असावी. मूळ नसेतून भरपूर रक्त येत राहिलं तर हातातली धमनी आकसून बंद पडते. म्हणून ७० टक्क्यांचा ब्लॉक की ९० टक्क्यांचा, या आकड्याला इथे फार किंमत आहे. ही वाट पंपावरही जमते, पंपाविनाही. आणि तुमच्या जवळच्या शहरातल्या सर्जनना हे जमत असेल, तर अर्धा एकर कदाचित गहाण टाकावाच लागणार नाही. विचारून तर बघा.

हातातली धमनी म्हणजे शक्यतो डाव्या हातातली, कारण उजव्या हाताचं काम जास्त. आप्पांची अँजिओग्राफी उजव्या मनगटातून झाली हे बरंच झालं, सुई घातलेली धमनी बायपासला सहसा वापरत नाहीत. धमनी काढण्याआधी डॉक्टर दुसऱ्या धमनीने पंजाला पुरेसं रक्त पोचतं की नाही ते तपासतात, त्यामुळे हात निकामी होईल ही भीती नको. काही जणांना मात्र अंगठ्याच्या बुडाशी बधिरपणा, मुंग्या राहतात. बहुतेकांच्या काही महिन्यांत ओसरतात, थोड्यांच्या राहतात.

आणि इथेच मी तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर थबकले. ‘आप्पा गावात मृदंग वाजवतात’ असं तुम्ही ओळख सांगताना लिहून गेलात. ताई, मृदंगाचा डावा हात! कणीक लावलेल्या त्या पुडीवर पंजाचं बूड दाबून जो घुमारा काढतात, तो डाव्या हाताचा असतो. आपल्या सगळ्यांच्या दृष्टीने जो ‘कमी कामाचा’ हात, तोच आप्पांचा निम्मा ताल आहे. एखाद्या कारकुनाला डाव्या अंगठ्याच्या बधिरपणाने काही फरक पडणार नाही. आप्पांना पडेल का, किती पडेल, पाच-दहा वर्षं जास्त वाहणाऱ्या नसेसाठी ते तेवढं सोसतील का, हे तुम्ही, तुमचा भाऊ, मी, कुणीच ठरवू शकत नाही.

म्हणून विचारते, आप्पांना कुणी विचारलं का? बऱ्याच घरांत मी हे पाहिलंय. मुलं कॉरिडॉरमध्ये घोळका करून ठरवतात आणि आत पलंगावर माणूस छताकडे बघत पडलेला असतो. ‘त्यांना टेन्शन नको’ म्हणून सगळं लपवतात. टेन्शन त्यांना असतंच, फक्त सोबत कुणी नसतं. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. ‘दोन पद्धती आहेत’ अशी सुरुवात करू नका. ‘ऑपरेशननंतर तुम्हाला काय काय करता आलं पाहिजे?’ इथून करा. ते म्हणतील, वारीला जायचंय. किंवा दिंडीत मृदंग गळ्यात घ्यायचाय. किंवा नुसतं रानात जाऊन यायचंय, कुणावर भार नको. आणि ‘जमीन गहाण टाकून मला बरं करू नका’ असंही म्हणतील कदाचित, तर तेही ऐकून घ्या. ती जमीन त्यांनी सांभाळली आहे.

पैशाचं बोलायचं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास बसते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. योजनेतून झालेलं ऑपरेशन हलकं, ही समजूत फार खोल रुजली आहे, आणि ती मला दुखावते. त्याच ओटीत, त्याच दोऱ्याने, तेच हात टाके घालतात. तुम्ही ज्या अपराधीपणाची आधीच तयारी करून ठेवली आहे, तो पैशाने फिटणारा नाही. पुण्यात करूनही काही झालं तर ‘इतक्या लांब उगाच नेलं’ म्हणून तुम्ही स्वतःलाच दोष द्याल. विचारपूस करून, आप्पांच्या संमतीने, चांगल्या हातात दिलं, की मुलीने करण्यासारखं सगळं झालं.

विचारपूस म्हणजे काय, तर दोन्ही सर्जनकडे एकच वही घेऊन जा. ‘तुम्ही स्वतः वर्षाला किती बायपास करता, त्यातल्या किती या पद्धतीने?’ हे विचारायला संकोचू नका, चांगले सर्जन रागावत नाहीत. ‘किती नसा जोडणार? मागच्या भिंतीच्याही जोडणार ना?’ हे जरूर विचारा, कारण मशीनशिवाय करताना अवघड जागेची एखादी नस कधी कधी सोडून दिली जाते, आणि सुटलेली नस पुढे त्रास देते. बीटिंग हार्ट म्हणणाऱ्यांना विचारा, ‘मध्येच पंप लागला तर? तुमच्याकडे असं किती वेळा होतं?’ ‘आमच्याकडे होतच नाही’ या उत्तरापेक्षा ‘शंभरात दोन-तीनदा होतं, पंप तयार असतो’ या उत्तरावर मी जास्त विश्वास ठेवीन. दोन्ही छातीच्या धमन्या म्हणणाऱ्यांना साखरेचं विचारा, आणि धमनी भोवतालचं मांस न घेता नुसती सोडवून काढणार का, हेही. तशी काढली तर हाडाचा रक्तपुरवठा बराचसा वाचतो. टाके झाल्यावर जोडलेल्या नसेतून रक्त किती वाहतंय ते मोजायचं यंत्र आहे का, हाही प्रश्न विचारा. ते मीटर लावलं आणि प्रवाह कमी दिसला, तर सर्जन टाका तिथल्या तिथे उसवून पुन्हा घालतात. मी असताना कितीतरी वेळा तसं झालं, आणि प्रत्येक वेळी वाटलं, बरं झालं मोजलं.

मिळालेले दोन-तीन आठवडे वाया घालवू नका. साखर खाली आणण्यासाठी डॉक्टरांना आजच भेटा, गरज पडली तर इन्सुलिनवर. बिडी परत हातात येऊ देऊ नका. दात किडलेला असेल तर दाखवून घ्या. श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र आत्ताच आणून सराव करा, ऑपरेशननंतर दुखत असताना शिकणं अवघड जातं.

नंतरचं थोडक्यात. नस कुठलीही असो, ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी कायमची, बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. हातातली धमनी लावली तर ती आकसू नये म्हणून काही महिने आणखी एक गोळी देतात, ती विसरू नका. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर घागर, पोतं, मोटारसायकल बंद. मृदंग मांडीपाशी ठेवून केव्हा वाजवायचा, आणि पट्टा गळ्यात अडकवून केव्हा, हे सर्जनना वेगवेगळं विचारा. पट्ट्याचा भार नेमका छातीवर येतो, आणि मृदंग किती जड असतो हे डॉक्टरांना माहीत असेलच असं नाही.

आणि एक काम आजपासूनच. रक्त तपासायला, सलाईन लावायला कुणीही आलं की आप्पांचा डावा हात पुढे करू देऊ नका. टोचून खराब झालेली धमनी पुन्हा वापरता येत नाही. दवाखान्यात भरती केल्या केल्या सिस्टरना सांगा, केसपेपरवर लिहायला लावा, हवं तर मनगटाला पट्टी बांधून पेनाने त्यावर ‘इथे सुई नको’ असं लिहा. आप्पा त्या हाताचं काय ते ठरवतील, तोपर्यंत तो त्यांच्यासाठी राखून ठेवा.